सासूबाईंचं निळं ध्यान

त्या काळात माझा नवरा बसून राहण्याचा पगार घेत होता. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही, त्याच्या कंपनीत या कामाला रीतसर नाव होतं. ‘बेंचवर असणं’. अमेरिकेतली कामं एकाएकी आटली होती. पण उद्या ती परत आली तर माणसं कुठून आणायची, म्हणून कंपनीने इंजिनियर मंडळींना काढून न टाकता गार हवेत बसवून ठेवलं होतं. रोज सकाळी हा इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात ओळखपत्र अडकवून हैदराबादेतल्या कुकटपल्लीच्या आमच्या फ्लॅटमधून निघायचा आणि संध्याकाळी दमून परत यायचा. काहीही न करून माणूस इतका दमू शकतो हे मला लग्नानंतर कळलं.

पुण्याला आईवडिलांना फोन करून तो सांगायचा, “सध्या एका मोठ्या प्रोजेक्टच्या तयारीत आहे.” मी मात्र हैदराबादची. आमचं घराणं निजामाच्या राज्यातलं, शेती सोडून शहरात आलेलं, त्यामुळे आमच्याकडे या नोकरीचं कुणालाच नवल वाटलं नाही. माझे वडील म्हणाले, “बिनकामाचा पगार हैदराबादेत फार जुना आहे. तेव्हा फक्त पंखा ओढायला वेगळा माणूस लागायचा.” जावयाने हे हसण्यावारी नेलं, पण ते त्याला लागलं असावं.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसा बेंचवरच्या मंडळींनी एक उद्योग शोधून काढला. इंटरनेटवर एक अमेरिकन खेळ होता, लहान मुलांसाठीचा. त्यात चित्रातलं एक जनावर पाळायचं, त्याला रोज खाऊ घालायचं, त्याच्याशी खेळायचं, छोटे छोटे डाव जिंकून खोटी नाणी मिळवायची आणि त्या नाण्यांतून पुन्हा त्याचा खाऊ घ्यायचा. खाऊ घातला नाही की जनावर मलूल होऊन कोपऱ्यात बसायचं. आता पदव्या घेतलेले, बुटांना पॉलिश केलेले पुरुष काय चित्रातल्या जनावराला स्वतःच्या हाताने भरवणार? त्यांनी स्वतःच्या पोरांना कधी भरवलं नव्हतं. त्यांनी स्क्रिप्ट लिहिल्या. स्क्रिप्ट म्हणजे एक छोटासा प्रोग्राम. तो आपला आपणच खेळाचं पान उघडतो, डाव खेळतो, जिंकतो, खाऊ विकत घेतो आणि जनावराच्या तोंडात घालतो. मालकाने फक्त चहा पीत बघायचं. कुणाचं जनावर किती लठ्ठ आणि किती श्रीमंत यावर त्या मंडळींच्या पैजा लागायच्या. आपला देश माहितीच्या महामार्गावर सुसाट निघाला आहे असं तेव्हा रोज पेपरात यायचं, आणि त्या महामार्गावर माझ्या नवऱ्याची पंखवाली नारिंगी पाल सगळ्यांच्या पुढे धावत होती.

खेळवाल्यांचा नियम सक्त होता. खेळायचं ते माणसानेच, स्क्रिप्टने नाही. स्क्रिप्ट ओळखायची कशी, तर तिच्या नेमकेपणावरून. यंत्र ठरल्या वेळी येतं, ठरल्या क्रमाने बटणं दाबतं, कधी चुकत नाही, कधी रेंगाळत नाही. बऱ्याच जणांची जनावरं अशी पकडली जाऊन खेळातून हद्दपार झाली होती. माझ्या नवऱ्याचं मात्र कधीच झालं नाही, कारण त्याने आपल्या स्क्रिप्टमध्ये माणसाचे दोष घातले होते. ती कधी उशिरा यायची, कधी खाऊ हातात घेऊन मध्येच दुसऱ्या पानावर जायची, कधी चुकीचं दुकान उघडून परत फिरायची, कधी दिवसभर फिरकायचीच नाही.

“हे सगळं तुला सुचलं कुठून?” मी कौतुकाने विचारलं.

“तुझ्याकडे बघून,” तो म्हणाला.

म्हणजे हा गृहस्थ कित्येक महिने माझा अभ्यास करत होता. दूध गॅसवर ठेवून मी फोनवर बोलायला जाते, चष्मा शोधायला निघते आणि कपाट आवरत बसते, ‘आलेच’ म्हणते आणि येत नाही, हे सगळं त्याने त्या प्रोग्राममध्ये घातलं होतं. मी चिडले तर म्हणाला, “अगं, मानवी स्वभावाचा उत्तम नमुना म्हणून घेतलं तुला.” मी दिलसुखनगरच्या एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायचे. बस बदलत बदलत पोचायचे, आणि वेळेवर पोचल्याचं मला काही आठवत नाही. पण हैदराबादेत वेळेवर कोण पोचतं? आमच्याकडे ‘परसों’ म्हणजे परवाही आणि मागच्या साली कधीतरीही. ज्या गावात काळाचा हिशेब असा सैल, तिथल्या बाईला पुणेकराने आळशी ठरवावं यात त्याचाच अडाणीपणा आहे.

सासरे वारल्यावर काही महिन्यांनी सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. पुण्यात सासरे एका कारखान्यात होते आणि घर कारखान्याच्या अगदी जवळ. दुपारच्या सुट्टीचा भोंगा झाला की ते सायकलवर टांग टाकायचे, आणि सायकल दाराशी टेकेपर्यंत सासूबाईंचं ताट वाढून तयार असायचं. देवाला नैवेद्य दाखवून झालेला, पाण्याचा तांब्या भरलेला. ताटाचा क्रम ठरलेला. आधी डाव्या बाजूला मीठ, मग लिंबाची फोड, मग चटणी, मग कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण. त्यात कधी बदल नाही. चाळीस वर्षं. नवरा जेवून परतीच्या भोंग्याआधी गेला की मग त्या स्वतः बसायच्या. दुसऱ्याच्या पोटात घास गेल्याशिवाय आपण खायचं नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं की सक्तीने करायला लावलं नव्हतं, म्हणजे निदान त्या तसं म्हणायच्या.

कुकटपल्लीत भोंगा नव्हता, पण तो त्यांच्या अंगात वाजायचा. साडेबारा झाले की त्या कुठेही असोत, उठायच्याच. आणि उठून करायच्या काय? मुलगा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, सून दिलसुखनगरला. घरात वाढायला कुणी नाही. देवाला नैवेद्य दाखवायच्या, पण देव काही ‘अजून थोडा भात’ म्हणत नाही. मग त्या दोन बिस्किटं खाऊन पडून राहायच्या. मी सकाळी करून ठेवलेला स्वयंपाक संध्याकाळी जसाच्या तसा. “एकटीसाठी कुठे पान घ्यायचं गं,” एवढंच म्हणायच्या. एकदा भोवळ येऊन मोरीत पडल्या. डॉक्टरांनी साखर तपासली आणि बजावलं, दुपारचं जेवण चुकवाल तर पुढच्या वेळी घरी नाही, दवाखान्यात उठाल. मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्या समोर बसून जेवायचे तेव्हा त्या जेवायच्या. पण मी रोज घरी बसले तर क्लासवाला मला घरीच बसवील, ही पंचाईत होती.

तोडगा नवऱ्याने काढला. त्याच्याकडे वेळच वेळ होता. त्याने खेळात आईच्या नावाने एक जनावर घेतलं. निळं, लांब कानांचं, ससा म्हणावं तर सोंड असलेलं. सासूबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, “हे काय ध्यान!” आणि तेच त्याचं नाव पडलं. फोनची तार कॉम्प्युटरला कशी जोडायची, ती चिरचिर झाली की कुठे दाबायचं, खाऊचं दुकान कुठलं, हे सगळं त्याने दाखवलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण चित्रं होती. पहिले दोन दिवस त्या लांबूनच बघत होत्या. तिसऱ्या दिवशी मी घरी आले तर स्वयंपाक संपलेला.

“काय झालं आई, कुणी आलं होतं का?”

“नाही गं. ते ध्यान जेवलं. मग मीही बसले.”

मला हसू आलं. एक मोठी बाई, जिने सगळा जन्म जितीजागती माणसं जेवू घातली, ती आता काचेतल्या निळ्या सोंडेला भरवत होती, आणि ती सोंड मिटक्या मारत होती म्हणून तिला घास उतरत होता. मी कुलदैवतापेक्षा त्या ध्यानाचे जास्त आभार मानले.

सुट्टीच्या दिवशी मी त्यांचं भरवणं बघितलं. साडेबाराच्या जरा आधी त्या फोन जोडून, पदर खोचून तयार. साडेबारा झाले की सुरुवात. आधी लिंबाची फोड, मग हिरवी कोशिंबीर, मग वाटीभर सूप, ते वरण. मग एका बशीत पांढरं काहीतरी, तो भात. खरं तर ते आइस्क्रीम होतं, आम्ही कुणी त्यांना सांगितलं नाही. दुकानात ऑम्लेट स्वस्त होतं, त्याच्याकडे त्या ढुंकूनही बघायच्या नाहीत. एकादशीला नुसतं केळं. ध्यानाचं चावून होईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसायच्या, “अजून हवं?” असं विचारायच्या, जरा वाट बघायच्या आणि मग स्वतःचं ताट आणून तिथेच त्याच्या समोर जेवायच्या. रोज तसंच. त्यांची शुगर ताळ्यावर आली. नवरा म्हणाला, “बघ, टेक्नॉलॉजी.” त्या एका शब्दावर तेव्हा सगळं खपायचं.

आणि मग खेळवाल्यांनी साफसफाई काढली. एका दुपारी सासूबाईंचा मला क्लासमध्ये फोन आला. त्यांनी तोवर मला तिथे कधी फोन केला नव्हता.

“अगं, त्याला बर्फात घातलंय.”

घरी येऊन बघते तर खरंच. पडद्यावर ध्यान बर्फाच्या मोठ्या ठोकळ्यात गोठून बसलेलं, एक कान वर, एक खाली, आणि खाली इंग्रजीत मजकूर. नवऱ्याने संध्याकाळी येऊन तो वाचला. पुन्हा एकदा वाचला. मग मान खाली घालून सांगितलं, “आई, त्यांचं म्हणणं आहे की हे खातं माणूस चालवत नाही. स्क्रिप्ट चालवते. तू यंत्र आहेस असं त्यांना वाटतंय.”

मी विचारलं, “आणि तुझी पाल?”

तो गळ्यातलं ओळखपत्र काढायला लागला. मीच उघडून बघितलं. पालीच्या गळ्यात सोनेरी बिल्ला होता. प्रेमळ पालक म्हणून खेळवाल्यांनी त्या महिन्यात निवडलेल्या लोकांत आमच्या घरच्या स्क्रिप्टचा नंबर लागला होता. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते असं. माझा आळस घालून बनवलेलं यंत्र माणूस ठरलं, आणि जिने हाताने एक एक घास भरवला ती बाई यंत्र ठरली.

सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “त्याला थंडी वाजत असेल का रे?” दुसऱ्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा बिस्किटं. साडेबाराला उठून बर्फाच्या ठोकळ्यासमोर बसायच्या आणि हात मांडीवर ठेवून परत उठायच्या. मी क्लासमधून फोन करून “जेवलात ना?” विचारलं की “हो” म्हणायच्या, आणि पातेली खरं सांगायची. पुन्हा मोरीत पडायची वेळ आता फार लांब नव्हती. ते ध्यान सुटलं पाहिजे, एवढं एकच काम मला तेव्हा दिसत होतं.

नवऱ्याने अर्ज केला. माझी आई साठी उलटलेली आहे, हाडामांसाची आहे, फक्त शिस्तीची आहे, असं त्याने इंग्रजीत लिहिलं. उत्तर लगेच आलं. ‘प्रिय छोट्या मित्रा, नियम समजत नसतील तर घरातल्या मोठ्या माणसाची मदत घे.’ त्याने पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर, त्याच शब्दांत. माणसाला यंत्र ठरवायला यंत्र, आणि त्यावरची फिर्याद ऐकायलाही यंत्रच. आमच्या आबिड्सच्या सरकारी कचेऱ्यांत निदान खिडकीपलीकडचा कारकून पान थुंकून तरी यायचा.

हा मात्र चिकाटीने लिहीत राहिला. आईसाठी म्हणून असेल, की आपली पाल बिल्ला मिरवते याची लाज म्हणून असेल. शेवटी एक दिवस कुणीतरी खरंच वाचलं. उत्तर आलं, काही आठवडे आम्ही या खात्यावर लक्ष ठेवू. जनावर सोडतो आहोत, पण वागणं असंच यंत्रासारखं राहिलं तर ते कायमचं पुसून टाकू.

बर्फ वितळला. ध्यानाने कान हलवले. सासूबाईंनी पडद्यावरून पदर फिरवला.

“आता काळजी नको,” नवरा म्हणाला, “आई, मी माझी स्क्रिप्ट तुझ्या खात्याला लावतो. तीच रोज भरवील. त्यांना लगेच पटेल की तू माणूस आहेस.”

“आणि मी?”

“तू काही करायचं नाहीस. नुसतं बघायचं.”

“म्हणजे वाढणार ते, जेवणार हे, आणि मी बघायचं?” सासूबाई म्हणाल्या. “मग मला तरी कशाला ठेवलंय? नको. मीच भरवीन. त्यांना कसं हवंय तेवढं सांग.”

कसं हवंय ते सांगायला मग मला नेमण्यात आलं. मूळ नमुना मीच ना! जी बाई माझ्या उशिरावर, माझ्या उलट्या ठेवलेल्या डब्यांवर, माझ्या हैदराबादी ‘नक्को’ आणि ‘हौ’वर आल्यापासून तोंड मिटून सुस्कारे टाकत होती, तिने आता माझ्याकडून ढिसाळपणा शिकायचा होता. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या होत होत्या.

“आई, उद्या उशीर करा.”

“किती?”

“किती असं नसतं. उशीर करायचा.”

“अगं पण किती?”

“धरा अर्धा तास.”

त्या दिवसापासून त्या रोज एकच्या ठोक्याला भरवू लागल्या. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, आई, क्रम बदला, तेच ते नको. तर त्यांनी क्रम उलटा केला: आधी भात, मग वरण, मग कोशिंबीर, शेवटी लिंबू, आणि रोज तोच उलटा क्रम. म्हटलं, मध्येच उठून जा. त्या सूप झाल्यावर उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायच्या आणि परत यायच्या, रोज सूप झाल्यावरच. नवरा डोकं धरून बसला. “आई, तू पुसली जाशील,” तो म्हणाला. म्हणजे त्याला ध्यान पुसलं जाईल म्हणायचं होतं.

मला तेव्हा पहिल्यांदा त्यांची कीव आली. त्या मुद्दाम करत नव्हत्या. त्यांना खरंच येत नव्हतं. उशीर म्हणजे काय, हे ज्या बाईला कधी परवडलंच नाही, तिला ते शिकवून कसं येणार?

एका सकाळी मी क्लासला दांडी मारली आणि त्यांना म्हटलं, “चला, आबिड्सला जाऊ. तुम्हाला ब्लाउजपीस घ्यायचे आहेत ना.”

“दुपारपर्यंत येऊ ना परत?”

“हौ, हौ,” मी म्हटलं.

बसने आपलं काम चोख केलं. रस्त्यात एक म्हैस बसली होती, तिच्या मर्जीने ती उठली. उतरून रिक्षा केली तर ती वरातीच्या मागे अडकली. साडेबारा वाजायला आले तशा सासूबाई सीटवर पुढे सरकल्या. त्यांच्या मांडीवरच्या पिशवीत हात चुळबुळ करायला लागले. “अगं, त्याची वेळ झाली,” त्या म्हणाल्या. “अहो, जरा लवकर घ्या ना!” हे रिक्षावाल्याला.

म्हातारा रिक्षावाला मागे वळला. “कैकू परेशान हो रैं अम्मा? कौन भूका बैठा है घर में?”

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. काय सांगणार? “कुणी नाही,” त्या हळूच मराठीत म्हणाल्या.

“तो फिर आराम से चलिंगे ना,” तो म्हणाला आणि त्याने इंजिन बंद केलं.

ब्लाउजपीस घेतले. मग साडी बघितली, घ्यायची नव्हती तरी. दुकानदाराने पंचवीस साड्या उलगडल्या आणि सासूबाईंनी एकही घेतली नाही. पुण्यात त्यांनी हे पाप कधी केलं नव्हतं. बाहेर आल्या आणि भज्यांच्या गाड्यासमोर उभ्या राहिल्या. मोठ्या मिरच्यांची भजी कढईतून निघत होती. मी विचारलंही नाही, दोन प्लेट घेतल्या. रस्त्यावर उभं राहून, कुणी जेवलं की नाही याचा विचार न करता, त्यांनी मिरची भजी खाल्ली. डोळ्यांतून पाणी येत होतं, नाक पुसत होत्या आणि “आणखी एक सांग” म्हणत होत्या. मग चहा. मग चपलांचं दुकान. मग त्यांना पुण्यातली लग्नाआधीची एक मैत्रीण आठवली, जिच्याबरोबर त्या एकदा शाळा बुडवून पेरू चोरायला गेल्या होत्या, आणि तिची गोष्ट परतीच्या बसमध्ये संपली नाही, जिन्यातही चालूच होती.

दार उघडलं, पंखा लावला, आणि त्यांची नजर कॉम्प्युटरवर गेली. त्या जागच्या जागी थांबल्या.

“विसरले,” त्या म्हणाल्या. “अगं, मी त्याला विसरले.”

मी खुश झाले होते, माझी शिकवणी फळाला आली म्हणून. पण मग त्यांचा चेहरा बघितला. त्या घाबरल्या होत्या. आयुष्यात कुणीतरी आपल्यामुळे उपाशी राहिलं, ही गोष्ट त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच आली होती, आणि त्या वेळी त्या स्वतः भजी खात होत्या. त्यांनी घाईघाईने फोन जोडला. पडद्यावर ध्यान कोपऱ्यात, सोंड जमिनीला टेकवून. “आले रे, आले, आले,” म्हणत त्यांनी दिसेल ते दाबलं. भात, भात, लिंबू, पुन्हा भात, चुकून चेंडू, आणि मग आणखी काहीतरी. ध्यान मिटक्या मारायला लागलं तेव्हा त्यांनी चष्मा सावरून बघितलं.

“हे काय खातोय तो?”

“ऑम्लेट, आई.”

त्या डोक्याला हात लावून खाली बसल्या. आणि मग हसायला लागल्या. मी त्यांना तसं हसताना कधी बघितलं नव्हतं, आणि हसता हसता त्या रडायलाही लागल्या, ते मी बघितलं नाही असं दाखवलं.

त्यानंतर उशीर शिकवावा लागला नाही. एकदा घसरलं की पाय आपोआप वाट धरतो. शेजारच्या तेलुगू बाईंकडे दुपारी गप्पा मारायला जाऊ लागल्या. एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यामुळे गप्पा लवकर संपायच्या नाहीत. कधी जेवण आधी व्हायचं, ध्यान मागाहून. कधी ध्यान आधी. कधी दोघं संध्याकाळी. शुगर तरीही ताळ्यावर राहिली, कारण शेजारीण समोर बसून खाऊ घालायची आणि ‘वद्दु’, म्हणजे ‘नको’, म्हटलेलं तिला ऐकू यायचं नाही.

देखरेख संपली तो रविवार होता. खेळवाल्यांचा निरोप आला होता. नवरा दुपारी ताटावर येऊन बसलेला, भुकेला. बेंचवरची भूक फार वाईट. सासूबाई कॉम्प्युटरसमोर होत्या.

“हे काय लिहिलंय रे?”

त्याने बसल्या जागेवरून मान लांब केली. “त्यांची खात्री पटलीय. आता एकच विचारलंय, शेवटचं. तुम्ही माणूस आहात का? हो किंवा नाही. ‘हो’वर दाब आणि ये, वाढ. साडेबारा होऊन गेले.”

सासूबाई हलल्या नाहीत. चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. त्या चार शब्दांकडे बघत राहिल्या.

“आई?”

“थांब जरा,” त्या म्हणाल्या. “चाळीस वर्षं भोंगा झाला की ताट केलं. तुझ्या वडिलांना कधी शंका आली नाही, तुलाही आली नाही. हे कुठले कोण परके लोक, त्यांना आली. पहिल्यांदा कुणी विचारतंय, तर मला नीट उत्तर देऊ दे. तू घे वाढून.”

त्याने माझ्याकडे बघितलं. मी ब्लाउजपीसची घडी घालत होते, ती घालत राहिले. तो उठला, स्वयंपाकघरात गेला. भांड्यांचा आवाज झाला. मग आतून त्याने विचारलं, भाताचा डाव कुठे असतो. आम्हा दोघींपैकी कुणीच उत्तर दिलं नाही.